हिवाळी शीडसफरीहून देवगड बंदरात परतताना

मार्गशीर्षाच्या सुमारास मुंबईहून निघून गोवा किंवा कारवारपर्यंत जाणाऱ्या शिडाच्या होडीला जातानाचा प्रवास सोपा असतो, कारण दुपारचा वायव्येचा वारा तिच्या पाठीशी असतो आणि किनाऱ्यावरची बंदरे सोयीच्या अंतराने एकामागून एक येत राहतात. या वाटेवर देवगडला मुक्काम केलेली माणसे बहुधा परतीच्या वेळीही तिथेच थांबायचे ठरवून पुढे जातात. बंदराला उत्तम आडोसा आहे, धक्क्यावरची माणसे नवख्या होडीचा दोर धरायला आपणहून पुढे येतात, आणि बर्फ, डिझेल, पाणी व इंजिन दुरुस्त करणारा माणूस शोधण्यासाठी फार हिंडावे लागत नाही. मात्र माघ महिन्यात गोव्याहून उत्तरेकडे येताना, ज्या वाऱ्याने जाताना साथ दिली तोच तोंडावर येतो. म्हणून परतीचा बेत वेगळा आखावा लागतो, आणि तो अंतरापेक्षा घड्याळ व तिथी पाहून आखावा असे माझे ठाम मत आहे. पंचवीस ते चाळीस फूट लांबीची, लहान डिझेल इंजिन असलेली आणि दोन-तीन माणसांनी चालवलेली होडी डोळ्यांसमोर ठेवून पुढचे लिहिले आहे.

वाऱ्याचे तास

हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोन वारे वाहतात. मध्यरात्रीनंतर जमीन समुद्रापेक्षा थंड होते आणि ईशान्य-पूर्वेकडून मतलई वारा सुरू होतो. तो साधारण सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. त्यानंतर तासभर वारा पडून समुद्र तेलासारखा सपाट होतो, आणि दुपारी बाराच्या आगेमागे खारा वारा पश्चिम-वायव्येकडून येऊ लागतो. दुपारी तीन-चारला तो दहा ते पंधरा नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाढतो, लाटांना फेस येतो आणि सूर्यास्तानंतर तो हळूहळू मावळतो.

आता किनाऱ्याची दिशा लक्षात घ्यावी. गोव्यातल्या आग्वादहून देवगडकडे जाणारी वाट उत्तर-वायव्येला जाते. मतलई वारा या वाटेवर उजव्या बाजूने, जवळजवळ आडवा येतो, आणि आडव्या वाऱ्यावर बहुतेक होड्या सर्वांत चांगल्या चालतात. उलट दुपारचा वायव्येचा वारा थेट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, येतो. त्याच्याविरुद्ध नागमोडी चालत चार मैल पुढे जाण्यासाठी सहा-सात मैल पाणी कापावे लागते, आणि आखूड, उभ्या लाटांत माणसे व शिडे दोन्ही थकतात. म्हणून उत्तरेकडचा प्रवास मध्यरात्र ते सकाळ या तासांत करावा आणि दुपार नांगरावर काढावी.

ज्यांना एकाच दमात लांबचा पल्ला गाठायचा असेल त्यांच्यासाठी दुसरी एक रीत आहे. पहाटे मतलई वाऱ्यावर किनाऱ्याला धरून चालावे, कारण हा वारा किनाऱ्याजवळच भरवशाचा असतो आणि खोल समुद्रात विरत जातो. सकाळी आठनंतर, तो कमी होण्याआधी, होडी मुद्दाम आठ-दहा मैल बाहेर काढावी. दुपारी खारा वारा आला की तो डाव्या बाजूने घेऊन शिडे घट्ट करावीत. होडी उत्तरेला तोंड करून चालते आणि तिरकी तिरकी किनाऱ्याकडे येत जाते. सकाळी बाहेर काढलेले मैल दुपारी असे उपयोगी पडतात. पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्रप्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, हीही परतणाऱ्याच्या बाजूची गोष्ट आहे, पण तो मंद असतो आणि त्याच्या भरवशावर वेळापत्रक मांडू नये.

एक अपवाद गंभीरपणे घ्यावा. इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे जोरदार वायव्य वारे सुटले की त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून गोवा-कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. त्या दिवसांत रात्रीही समुद्र वायव्येकडून हलता राहतो, आणि मतलई वारा चांगला असूनही होडी लाटांवर आपटत राहते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि भारतीय हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाहावाच. लाटांची उंची वाढणार असल्याचे दिसले तर मांडवी नदीत आणखी दोन रात्री काढणे शहाणपणाचे असते.

तिथी निवडणे

देवगडला सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, पूर्ण भरतीच्या आसपास पोहोचावे. पहाटे पोहोचण्यात तोटा असा की सूर्य जमिनीच्या मागून उगवतो. पश्चिमेकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो थेट येतो, आणि माघात त्यात धुरके मिसळले की खडक, जाळ्यांची बोयरी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) आणि धक्का यांतले काहीच नीट दिसत नाही. उशीर केला तर दुपारचा वारा गाठतो. मधले हे दीड-दोन तास उजेडाचे, शांत आणि सोयीचे असतात.

या वेळी भरती कधी असते, हे किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबाने चटकन काढता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने देवगडला ती पाऊण ते एक तास आधी येते. म्हणजे त्रयोदशी ते पौर्णिमा या दिवसांत देवगडची भरती सकाळी नऊ ते साडेदहाच्या आसपास पूर्ण होते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच, पण बेत आखताना तिथीचा हिशेब पुरेसा आहे.

माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा हे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात, कारण भरतीच्या सोयीबरोबर रात्रभर, निदान पहाटेपर्यंत, चांदणे मिळते आणि जाळ्यांची बोयरी दुरून दिसतात. वद्य पक्षातल्या चतुर्दशीलाही भरतीची वेळ हीच असते, मात्र ती रात्र काळोखी असते. शिवाय माघ वद्य चतुर्दशी म्हणजे महाशिवरात्र. देवगडच्या दक्षिणेला समुद्रालगत असलेल्या कुणकेश्वराच्या यात्रेला त्या दिवशी मोठी गर्दी लोटते, किनारा दिव्यांनी उजळून जातो आणि नेहमीच्या ओळखीच्या खुणा त्या उजेडात हरवतात. यात्रा पाहायची असेल तर दोन दिवस आधी पोहोचून, नांगर टाकून, मग रस्त्याने कुणकेश्वरला जावे. अमावास्येला देवांच्या स्वाऱ्या समुद्रस्नानासाठी वाळूवर येतात, ते दृश्य होडीवरून नव्हे तर लोकांमध्ये उभे राहूनच पाहण्यासारखे आहे.

आग्वाद ते निवती, निवती ते देवगड

आग्वादपासून देवगडचे अंतर सुमारे पंचावन्न सागरी मैल आहे. ते एका रात्रीत ओढण्यापेक्षा मध्ये निवतीला थांबून दोन समान भागांत करावे. पहिल्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास आग्वाद सोडले की तेरेखोल आणि रेडी अंधारात-झुंजुमुंजूत मागे पडतात आणि वेंगुर्ल्यापुढचा भाग दिवसाउजेडी येतो. हे महत्त्वाचे आहे, कारण निवतीसमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकाळ बेटांचा पुंजका आहे. त्याच्यावर दीपगृह आहे आणि बेट व किनारा यांच्यामध्ये भरपूर रुंद पाणी आहे, तरी नवख्या माणसाने ती वाट प्रथम दिवसाच पाहावी. या बेटांच्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. तिथे उतरण्याचा मोह टाळून दुरूनच पुढे जावे. दुपारी, वायव्येचा वारा वाढण्याआधी, निवतीच्या डोंगराच्या दक्षिणेला आडोसा पाहून नांगर टाकावा, जेवावे आणि झोपावे. संध्याकाळी सातनंतर होडीवर जागे राहण्याचे कारण नसते.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास नांगर उचलावा. चार नॉटच्या वेगाने सात तासांत देवगडचा किल्ला आडवा येतो. या टप्प्यातला खरा धोका मालवणचा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आणि त्याच्या उत्तर-दक्षिणेला पाण्याखाली खडकांचे पट्टे पसरलेले आहेत, आणि अंधारात तिथे जवळून जाण्यात काहीही मिळत नाही. मालवण उजव्या हाताला किमान चार मैल दूर ठेवावे, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा नकाशा समोर उघडा असावा, आणि फोनवरचे नकाशे दुय्यम मानावेत. आचऱ्याच्या पुढे गेल्यावर थोडे थोडे किनाऱ्याकडे सरकावे म्हणजे मतलई वारा हातचा जात नाही.

वारा पडलाच तर इंजिन लावावे लागते, म्हणून डिझेलचा हिशेब शिडांना न मोजता करावा. वीस अश्वशक्तीचे इंजिन मध्यम वेगाने तासाला साधारण दोन लिटर घेते. सहा-सात तासांच्या टप्प्यासाठी चौदा लिटर लागतील असे धरून त्याच्या दुप्पट साठा ठेवावा. पहाटेचे दव सगळी होडी भिजवते आणि मतलई वारा अंगाला झोंबतो, तेव्हा लोकरीची टोपी व जाड स्वेटर हाताशी असावा. सुकाणूवरचा माणूस दर दोन तासांनी बदलावा आणि रात्री एकट्याने नाळेवर जाऊ नये.

जाळी

या किनाऱ्यावर रात्री प्रवास करणाऱ्याला सर्वांत जास्त भेटतात ती जाळी. रात्री सोडलेली जाळी दूरवर पसरलेली असतात. त्यांच्या टोकाला झेंड्याची काठी किंवा लुकलुकणारा दिवा असतो, आणि ती सोडणारी होडी दुसऱ्या टोकाला उभी असते. दोन दिवे दिसले तर त्यांच्या मधून जाण्याचा विचारही करू नये. मच्छीमार होडी दिसताच वेग कमी करावा आणि टॉर्च पाण्याकडे धरून दोनदा उघडझाप करावी. बहुतेक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आपला टॉर्च फिरवून कोणत्या बाजूने जायचे ते दाखवतात. त्यांनी दाखवलेली वाट लांबची असली तरी तीच घ्यावी.

जाळे पंख्यात अडकले तर इंजिन ताबडतोब न्यूट्रल करून बंद करावे, शिडे उतरवावीत आणि उजाडेपर्यंत थांबावे. किनारा दूर असेल आणि समुद्र शांत असेल तर घाईचे काही कारण नसते. होडी किनाऱ्याकडे वाहत असेल तर मात्र नांगराची तयारी करावी. जाळे कापणे हा शेवटचा उपाय आहे. ते त्या माणसांचे भांडवल आहे, आणि कापावे लागलेच तर त्या होडीला गाठून सांगावे, झालेले नुकसान विचारावे आणि भरून द्यावे. न सांगता निघून गेलेल्या होडीची बातमी तिच्याआधी बंदरात पोहोचते, आणि ते योग्यच आहे.

पहाटे किनाऱ्याजवळ रापण लागते. वाळूवरून निघालेली होडी अर्धगोल घालत जाळे सोडते आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. मिठमुंबरी, कुणकेश्वर यांसारख्या लांब वाळूच्या किनाऱ्यांपासून सकाळी निदान मैलभर दूर राहिले की रापणीला अडथळा होत नाही.

संकटासाठी व्हीएचएफ रेडिओ सोळाव्या चॅनेलवर चालू ठेवावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

बंदरात शिरणे

दक्षिणेकडून येताना खुणा या क्रमाने दिसतात: प्रथम कुणकेश्वराचे देऊळ, मग मिठमुंबरीची वाळू आणि तारामुंबरीच्या खाडीचे तोंड, मग सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, पवनचक्क्या, आणि शेवटी देवगड किल्ल्याचा डोंगर व त्यावरचे दीपगृह. पवनचक्क्या व किल्ला यांच्यामध्ये पश्चिमेला उघडा असलेला वाळूचा किनारा आहे. त्याच्या मागे गावाची घरे दिसतात, त्यामुळे प्रथम येणाऱ्याला तेच बंदर वाटते. ते बंदर नव्हे. किल्ल्याचे टोक पूर्ण वळून जावे लागते, आणि ते वळल्यावरच आतले पाणी उघडते.

ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने या बंदराचे वर्णन सर्व ऋतूंत शांत राहणारे, जमिनीने वेढलेले बंदर असे केले आहे. तोंडाची रुंदी तीन केबल, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि सरासरी खोली अठरा फूट दिली आहे. वाट किल्ल्याच्या टोकालगत आहे, ही त्यातली माहिती आजही उपयोगाची आहे. खोलीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण खाड्यांच्या तोंडाशी गाळ येत राहतो. खोलीमापक चालू ठेवावा, वेग तीन नॉटच्या आत आणावा, आणि शक्य असेल तर आत जाणाऱ्या एखाद्या मच्छीमार होडीच्या मागे, अंतर राखून जावे. टोक वळण्याआधीच मोठे शीड उतरवून बांधावे, नांगर मोकळा करावा आणि दोर, फेंडर (होडी घासू नये म्हणून बाजूला सोडायच्या गाद्या) दोन्ही बाजूंना तयार ठेवावेत. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. देवगडला तो साधारण निम्मा असतो, तरी पौर्णिमेच्या सुमारास नांगराची साखळी सोडताना पूर्ण भरतीची खोली धरूनच लांबी मोजावी आणि सुकती आली की होडीखाली किती पाणी उरेल तेही पाहावे.

येण्याआधी एक दिवस बंदर कार्यालयाला फोन करणे हा शिष्टाचारही आहे आणि सोयही. गोव्याहून महाराष्ट्राच्या पाण्यात येणाऱ्या होडीची नोंद महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे व्हावी लागते. होडीचे नोंदणीपत्र, विमा, प्रत्येकाचे ओळखपत्र आणि निघालेल्या बंदराची नोंद एका प्लास्टिकच्या पाकिटात तयार ठेवावी. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अनोळखी होडीकडे किनारा सावधपणे पाहतो, आणि तसे पाहणे आवश्यक आहे. गेल्या वेळची ओळख आहे म्हणून नोंद टाळू नये.

धक्क्यावर

धक्का हे कामाचे ठिकाण आहे. मच्छीमार होड्या येऊन मासळीचा लिलाव सुरू झाला की तिथे एका फुटाचीही जागा अडवू नये. आपण धक्क्याला लागायचे ते पाणी किंवा डिझेल भरण्यापुरते, लिलावाची वेळ टाळून, आणि ज्याच्या होडीला खेटून बांधायचे आहे त्याला विचारून. राहण्यासाठी बाहेरच्या बाजूला, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून, नांगर टाकावा. कुठे टाकायचा हे धक्क्यावरच्या जाणत्या माणसाला विचारावे: “काका, इथे नांगर टाकला तर तुमच्या होडीला अडचण होईल का?” एवढ्या प्रश्नाने पुढची पुष्कळशी बोलणी सोपी होतात, आणि चिखल कुठे घट्ट आहे, जुनी साखळी कुठे पडली आहे, ही नकाशात नसलेली माहितीही मिळते.

मागच्या खेपेला ज्यांनी मदत केली त्यांना आधी भेटावे. जाताना एखाद्याने दोर दिला असेल, बॅटरी भरून दिली असेल, घरी जेवायला नेले असेल. त्याची आठवण ठेवून काहीतरी आणावे. रोख पैसे पुढे केले तर कित्येकांना अवघडल्यासारखे होते. त्याऐवजी चांगला नायलॉनचा दोर, जलरोधक टॉर्च किंवा मुलांसाठी गोव्याहून आणलेला खाऊ आनंदाने स्वीकारला जातो. कामाचा मोबदला मात्र पूर्ण आणि त्याच दिवशी द्यावा. मासळी घेताना ओळखीचा दाखला देऊन भाव पाडू नये.

होडीची देखभाल

पोहोचल्याच्या दुपारी कितीही झोप येत असली तरी दोन कामे उरकावीत. इंजिनाचे पाणी शोषणारी जाळी साफ करावी, कारण खाडीतला गाळ आणि प्लास्टिक तिथेच अडकते, आणि शिडांवरचे मीठ गोड्या पाण्याने धुवावे. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. न धुता गुंडाळलेल्या शिडांना देवगडच्या हवेत लवकर बुरशी धरते. गोडे पाणी गावातही मोलाचे असते, म्हणून पाइप सोडून न देता बादलीने, वरून खाली धुवावे. बाकीची कामे, म्हणजे डोलकाठीच्या तारा तपासणे, सुकाणूचे बोल्ट आवळणे, तेल बदलणे, पुढच्या दोन-तीन दिवसांत होतात.

होडीचा तळ भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, दिवसांत नव्हे, तर उधाणाच्या ओहोटीला पाहावा. स्थानिक लोक सांगतील त्या मऊ वाळूच्या जागी भरतीला होडी नेऊन टेकवली की सुकतीत तळ उघडा पडतो आणि पुढची भरती येईपर्यंत खरवडण्यासाठी तीन-चार तास मिळतात. तळ खोल व टोकदार असलेल्या होडीला दोन्ही बाजूंनी टेकू लागतात, त्याशिवाय हे करू नये. लाकडी होडीत पाण्याखालच्या फळ्यांवर लहान छिद्रे दिसतात का हे टाचणीने टोचून पाहावे. लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्याची ती खूण असते, आणि ती दिसल्यास होडी पुढे नेण्याआधी सुताराला दाखवावी.

होडी पावसाळ्यातही देवगडलाच ठेवायची असेल तर बोलणी माघातच करावीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात सगळ्या होड्या एकदमच वर घेतल्या जातात. त्या वेळी जागा, ओंडके आणि ओढणारे हात यांपैकी काहीच शिल्लक नसते. त्याआधीचे महिने हापूसच्या तोडणीचे, पेट्या भरण्याचे आणि ट्रकांचे असतात, आणि शिमग्यात तर बरेचसे खलाशी आपापल्या गावी पालखीला जातात. म्हणून शिमग्याआधी जागा पाहून इसार द्यावा, होडीची लांबी, रुंदी व वजन कागदावर लिहून द्यावे, आणि वर घेण्याचा दिवस वैशाखातल्या उधाणाचा, त्यातही सर्वांत उंच भरतीचा ठरवावा, म्हणजे झापांनी शाकारलेल्या होडीपर्यंत पुढचे पाणी सहसा येत नाही.